बिनगोळीचे नाना

घोडेगावच्या शुक्रवारच्या जनावर बाजारात आधी सूर्यभाननानांचा आवाज पोचायचा, मागाहून नाना. गाई-म्हशींची दलाली करण्यात त्यांची हयात गेली होती आणि एवढ्या हयातीत त्यांनी हळू आवाजात केलेला एकही सौदा कुणाच्या आठवणीत नव्हता. घेणाऱ्याशी भांडायचं, विकणाऱ्याशी त्याहून जोरात भांडायचं, दोघांनाही बाजाराबाहेर हाकलायची धमकी द्यायची, आणि दोघं पुरते बेजार झाले की एकेकाचा हात टॉवेलाखाली घेऊन बोटं दाबून भाव जुळवायचा, अशी त्यांची रीत.

पण एका गोष्टीत त्यांचे वैरीसुद्धा त्यांना मानत. नाना जनावराची खोड लपवत नसत. गाय लाथ मारते, म्हशीचा एक सड मुका आहे, त्यातून दूध येत नाही, बैल नांगराला बसतो, जे असेल ते सौदा होण्याआधी चारचौघांत ओरडून सांगत. त्यांच्या लेखी सगळ्यांत वाईट खोड एकच, औषधावर उभं केलेलं जनावर. सकाळी सुई टोचून आणलेली लंगडी गाय दुपारपर्यंत ऐटीत उभी राहते आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात गेली की बसते, ती पुन्हा उठतच नाही. असलं जनावर नानांनी आपल्या दावणीला कधी बांधू दिलं नाही. इथवर सगळं चांगलंच होतं. घोटाळा एवढाच, की माणसांकडेही ते ह्याच नजरेनं बघत.

त्यांच्या बायकोला, लंकाबाईंना, बी.पी.ची गोळी चालू होती. उपकेंद्रातली आरती सिस्टर महिन्याच्या महिन्याला गोळ्या द्यायची, लंकाबाई सकाळी एक गिळायच्या आणि कामाला लागायच्या. पाहुणे आले की नाना हसत हसत सांगायचे, "आमच्याकडं एक औषधावरचं जनावर हाय." पाहुणे हसायचे. लंकाबाई आत जाऊन भांडी आपटायच्या. ते बोलणं त्यांना लागायचं, आणि नानांना ते कळत नव्हतं असंही नाही.

मग नानांच्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरला. जनावराचे दात दिसेनात, तेव्हा ते तोंडात बोट घालून चाचपायला लागले. एका बाजारात त्यांनी चांगली वयस्क, दात जुळलेली गाय चार दाती, म्हणजे ऐन तरुण, म्हणून सांगितली. पुढच्या शुक्रवारी घेणारा गाईसकट परत आला आणि भर बाजारात म्हणाला, "नाना, तुमीबी?" त्या दोन शब्दांपायी नाना दोन रात्री जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी लंकाबाईंना घेऊन नगरला, सावेडीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, मशीनकडं बघितलं, पुन्हा बांधला, आणि डॉक्टरांनाच बोलावून आणलं. डॉक्टर पोरसवदा होते.

"आजोबा, वरचा आकडा दोनशेच्या घरात आहे. ह्या दाबावर मी डोळ्याला हात लावणार नाही. गोळी सुरू करा. दाब उतरला की मग ऑपरेशन."

"गोळी घेनार न्हाई."

"का?"

"आयुष्यात घेतली न्हाई."

"आयुष्यात मोतीबिंदू तरी कुठं झाला होता?"

माघार घ्यायची नानांना सवय नव्हती. गोळी सोडून दुसरा इलाज सांगा, म्हणून ते अडूनच बसले. डॉक्टर म्हणाले की एवढ्या दाबाला नुसत्या पथ्यानं भागेल असं त्यांना वाटत नाही. पण म्हातारा गोळीला हात लावत नाही म्हटल्यावर त्यांनी बाकीचं सांगितलं. मीठ निम्म्यावर आणायचं. लोणचं, पापड, शेव-फरसाण बंद. तंबाखू बंद. रोज पाय उचलून चालायचं. सकाळ-संध्याकाळ शांत बसून सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. लवकर येऊन दाब दाखवायचा.

"आणि ओरडायचं नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले.

लंकाबाई खुर्चीत सरळ होऊन बसल्या. "डॉक्टर, तेवढं जरा कागदावर लिहून देता का?"

घरी आल्या आल्या मिठाचा डबा त्यांनी ताब्यात घेतला आणि निम्म्याऐवजी मीठ बंदच केलं. पहिल्या दिवशीचं पिठलं तोंडात गेल्यावर नानांनी ताट पुढं सरकवलं.

"ह्ये खायाचं हाय का भिताडाला लावायचं?"

"ओरडू नका," लंकाबाई म्हणाल्या. त्या स्वतःही तेच जेवत होत्या. एका घरात दोन चवी शिजवायला त्यांना सवड नव्हती.

चालणं त्याहून अवघड निघालं. घोडेगावात काम नसताना पायी हिंडणारा माणूस कुणी बघितलेला नव्हता. नाना हायवेच्या कडेनं निघाले की दर दोन मिनिटांनी एक मोटरसायकल थांबायची. "नाना, गाडी बंद पडली का? बसा मागं." नको म्हटलं तर लोक वाईट वाटून घ्यायचे, घरात भांडण झालं का म्हणून चौकशी करायचे. शेवटी नानांनी शक्कल लढवली. हातात कासरा घेतला. कासरा हातात असला की माणूस सुटलेलं जनावर शोधतोय, हे कुणालाही समजतं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी निम्मी आळी नानांची म्हैस शोधायला बाहेर पडली आणि शेजारच्या वस्तीवरून एक परकी म्हैस शोधून आणून दारात बांधूनही गेली. तिच्या मालकाची समजूत काढताना ओरडायचं नाही हे पथ्य मोडलं.

बाजारात तर पंचाईतच झाली. सौदा तापला की नाना डोळे मिटून सावकाश श्वास सोडायचे. घेणाऱ्याला वाटायचं, नाना उसासा टाकतोय म्हणजे गाईत काहीतरी आहे. विकणाऱ्याला वाटायचं, नाना शिव्या देत नाही म्हणजे तो समोरच्याला मिळालेला आहे. नानांचा जोडीदार कल्याण, तोही दलालच, एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, घरी कुनी गेलं का?"

तरी नानांनी सोडलं नाही. हट्ट वाईट असतो म्हणतात, पण हट्टी माणसाला पथ्य जमतं, हे मान्य करायला हवं. तंबाखूची पुडी त्यांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर फेकली. रात्रीची झोप लागायला लागली. चेहऱ्याची लाली उतरली. आणि बिनमिठाच्या आमटीत मुगाला मुगाची चव असते, हा शोध त्यांना ह्या वयात लागला.

दिवाळीच्या तोंडावर ते सावेडीला गेले, ते एकटेच. लंकाबाई भावाकडं सोनईला गेलेल्या होत्या. नर्सबाईंनी पट्टा बांधला. डॉक्टरांनी आकडा बघून चक्क नानांचा हात हातात घेतला.

"मेहनत घेतलीत तुम्ही. एवढा उतरेल असं मला वाटलं नव्हतं."

नानांची छाती फुगली.

"पण पुरेसा नाही. अजून बराच उतरायला हवा, आणि तो आता पथ्यानं उतरणार नाही. पथ्य चालू ठेवा. त्याच्या जोडीला ही एक गोळी."

नाना गोळीच्या चिठ्ठीकडं बघत बसले. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांना दिसतच नव्हतं. तोच तर प्रश्न होता. डोळा नाही तर बाजार नाही, आणि बाजार नाही तर सूर्यभान कोण? ते उठले, सावेडीतल्याच औषधाच्या दुकानात गेले, कारण तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि गोळ्यांची पाकिटं धोतराच्या सोग्यात बांधून घरी आले.

ठेवायची कुठं? घरात लंकाबाईंचा हात लागणार नाही अशी एकच जागा होती. गोठ्यातला जनावरांच्या औषधांचा डबा. जंताच्या गोळ्या, खुरांचं तेल, पोटफुगीची बाटली आणि त्यांच्या तळाशी नाना. रोज पहाटे धार काढायच्या आधी ते गोठ्यात जाऊन एक गोळी गिळायचे आणि म्हशीकडं पाठ करायचे.

दाब उतरला. डोळा झाला. आरती सिस्टरनं उपकेंद्रात चारजणांसमोर मशीन लावलं आणि म्हणाली, "वा नाना, एकदम छान! गोळी वगैरे चालू आहे ना?" नाना तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून लंकाबाईच म्हणाल्या, "गोळी कसली? ह्यांनी नुसत्या पथ्यावर उतरवला. मी सोता बघितलंय."

आणि त्या नानांकडं अशा नजरेनं बघत राहिल्या, की तसं त्यांनी लग्नाच्या मांडवातही बघितलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या बाईनं नानांना ओरडताना बघितलं होतं, खोटं हसताना बघितलं होतं, पण त्यांचा अभिमान वाटावा असं पहिल्यांदाच काहीतरी हाताला लागलं होतं. नानांना ते फार गोड लागलं. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

पुढं विचारलं कुणीच नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे काही लपवणं नव्हे, अशी नानांनी स्वतःची समजूत घातली. हेच वाक्य बाजारात एखाद्या विकणाऱ्यानं उच्चारलं असतं, तर नानांनी त्याला जनावरासकट हायवेवर काढलं असतं.

बोलबाला झाला. लंकाबाईंनी सोनईत माहेरच्या आळीत दारोदार सांगितलं. बाजारात कल्याणनं 'बिनगोळीचे नाना' असं नावच पाडलं. शुक्रवारी चहाच्या टपरीवर लोक नानांना घेरून बसायचे, आणि नाना त्यांना श्वास कसा सोडायचा ते दाखवायचे. आधी नुसतं दाखवायचे. मग बोलायलाही लागले. "शरीर म्हंजी काय, वळन लावलं की लागतं. गोळ्या कशाला?" असं ते एकदा बोलून गेले. बोलताना जीभ जरा अडखळली, पण ऐकणाऱ्यांना ते विनयानं अडखळलेले वाटले.

डोळ्याची पट्टी जाऊन, थेंब घालायचे संपून, नानांना लख्ख दिसायला लागलं. बाजारात त्यांनी लांबूनच दात सांगितले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते आणि लंकाबाई गोठ्याकडून येत होत्या. नाना सहज बघत होते. पहिल्यांदा त्यांचं लक्ष चालीकडं गेलं, कारण जनावर असो की माणूस, त्यांची नजर आधी चालीवर जाते. लंकाबाई सरळ येत नव्हत्या. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात टेकला, मग खांबाला धरलं, मग भिंतीला. कपाळाला फडकं बांधलेलं होतं. डोळ्यांखाली सूज होती. ही सूज आजची नव्हती. ती आज दिसली होती, एवढंच.

"डोकं दुखतंय?"

"सकाळचं दुखतं जरा."

"गोळी घेतली न्हाई का आज?"

लंकाबाई हसल्या. "ती कवाच सोडली. तुमचा डोळा झाला तवापासनं. तुमी म्हनायचे ना, औषधावरचं जनावर? आता दोगंबी बिनगोळीचे."

आपण काय करून बसलो हे नानांना एका क्षणात कळलं. सौदा होण्याआधी खोड सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला त्यानं स्वतःच्याच नावाखाली औषधावरचं जनावर बिनखोडीचं म्हणून विकलं होतं.

"अगं, मी गोळी घेतो," ते कसेबसे म्हणाले. "रोज घेतो. दिवाळीपासनं."

लंकाबाईंनी त्यांच्याकडं निरखून बघितलं आणि मान हलवली. "माझं डोकं दुखतंय म्हनून घाबरून सांगताय. तुमाला जमलं ते मला जमायचं न्हाई, असंच वाटतंय ना?"

नानांनी त्यांचा हात धरून गोठ्यात नेलं, डबा उघडला, तळाचं पाकीट काढून दाखवलं.

"ह्या तर वासराच्या," लंकाबाई म्हणाल्या.

"अगं माज्या हायत!"

"तुमच्या असत्या तर जंताच्या गोळ्यांत कशाला ठिवल्या असत्या? मानूस आसं कुटं करतं का?"

माणूस असं करत नाही, हे नानांनाही पटलं. खरं बोलायला बसल्यावर इतका त्रास होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते आरती सिस्टरला घेऊन आले. तिनं लंकाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि बजावलं की गोळी आत्ताच्या आत्ता सुरू करायची, ही चेष्टा नाही, ह्यातून अर्धांग होतं. लंकाबाई हो म्हणाल्या, गोळी पदराच्या गाठीत बांधली, आणि आरतीची पाठ फिरल्यावर म्हणाल्या, "मगापासनं भांडताय माज्याशी. वाढंल न्हाई तर काय हुईल? आन तिला तुमीच पढवून आनलं असंल."

शुक्रवारी नानांनी कल्याणला बाजूला घेतलं. त्याच्या बायकोचं आणि लंकाबाईंचं बरं होतं. तिच्याकरवी तरी पटेल म्हणून त्यांनी त्याला सगळं खरं सांगितलं. कल्याणनं लक्षपूर्वक ऐकलं आणि डोळा मारला. "नाना, आपन दलाल मानसं. आपन माल खाली पाडून बोलतो ते कवा? सोतासाठी ठेवायचा असंल तवा. ते श्वासाचं काहीतरी मेन तुमी सांगितलंच न्हाई, बरूबर ना?"

त्या दिवशी बाजारात एका म्हशीच्या दुधावरून तंटा लागला होता. विकणारा म्हणत होता एवढं दूध देते, घेणारा मानत नव्हता. नाना सवयीनं ओरडले, "घरी ने, दोन टायमाला पिळून बघ, मग बोल!" बाजारात बोलण्यावर विश्वास नसला की हाच शेवटचा उपाय असतो. ओरडता ओरडता नाना थांबले. सौदा तसाच टाकून ते घरी आले.

"लंके, माज्या बोलन्यावर तुजा इस्वास न्हाई ना? मंग मला पिळून बघ."

"काय?"

"आजपासनं माजी गोळी बंद. बाकी समदं तसंच. मीठ न्हाई, तंबाखू न्हाई, चालनं हाय, श्वास हाय. आरतीच्या मशीनवर तू सोता आकडा बघ. चढला न्हाई तर मी खोटा."

"बघते. मीबी घेत न्हाई तवर," लंकाबाईही काही कमी नव्हत्या.

आरती सिस्टरला हे कळलं तेव्हा ती दारातच उभी राहून दोघांना बोलली. तुम्ही शिकलेली नाहीत म्हणून मी काही म्हणत नाही, पण वेडी तर नाहीत ना, असं तिनं विचारलं. नानांनी तिच्यापुढं हात जोडले. "सिस्टर, हिला न्हाईतर पटनारच न्हाई." आरती रागानं मशीन घेऊन रोज सकाळी येत राहिली, रोज दोघांना गोळी घ्या म्हणून सांगत राहिली, आणि दोघं रोज एकमेकांकडं बोट दाखवत राहिले.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. लंकाबाईंनी "बघा!" म्हणून टोमणा मारला. नाना हायवेवरून पूर्वीपेक्षा लांब चालून येत होते, कारण चाचणी सचोटीची व्हायला हवी होती. श्वास ओढताना आणि सोडताना त्यांना मनातून एकच वाटत होतं, की आपला दाब चढावा. लवकर चढावा. जगात कुणी केला नसेल इतका मन लावून त्यांनी प्राणायाम केला, आणि तो फसावा अशी देवाला विनवणीही केली.

बाजार जवळ आला तसा आकडा हलायला लागला. आधी थोडा, मग भराभर. एका सकाळी नानांची मान आखडली, चेहरा पुन्हा पूर्वीसारखा लालबुंद झाला. आरतीनं पट्टा सोडला आणि मशीन लंकाबाईंपुढं धरलं. लंकाबाईंना बाकी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. नवऱ्याचा आकडा त्यांच्या स्वतःच्या आकड्याच्या वर गेला होता.

त्या उठल्या, भिंतीला धरत गोठ्यात गेल्या आणि औषधांचा डबाच उचलून घेऊन आल्या.

"आ करा."

नानांनी आ केला. लंकाबाईंनी एका हातानं त्यांचा जबडा धरला आणि गोळी घशात ढकलली, वासराला देतात तशी. मग पदराची गाठ सोडून स्वतःची गिळली. पाणी पिता पिता त्यांना रडू फुटलं.

"लबाड मानूस! मला पटवायला मराया निघालं व्हय? आन त्याआदी माज्याशी खोटं बोलायला कुनी सांगितलं हुतं? मी आक्ख्या सोनईत मिरवलं तुमाला. माज्या भावाच्या दारात उभं र्‍हाऊन सांगितलं."

नाना मान खाली घालून ऐकत होते. ओरडावंसं त्यांना वाटलंच नाही. ती जिवंत आहे आणि आपल्याला शिव्या देते आहे, ह्याहून जास्त त्यांना त्या सकाळी काही नको होतं.

"आता कुनाला सांगायचं न्हाई," लंकाबाईंनी डोळे पुसून निकाल दिला. "गुमान घ्यायची दोगांनी. माहेरात मला त्वांड दाखवायला जागा ठिवा."

नानांनी शब्द दिला. त्या घडीला त्यांनी कसलाही शब्द दिला असता.

पुढच्याच आठवड्यात सोनईहून लंकाबाईंचा धाकटा भाऊ वाल्मिक मोटरसायकलवरून आला. त्यालाही बी.पी. होता, त्यालाही गोळी होती. तो आत आला, पायातली चप्पल काढली आणि खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून सरळ नानांच्या पायांवर ठेवून वाकला.

"दाजी, आजपासनं सोडली. तुमच्या पायावर ठिवूनच सोडायची, आसं ठरवलं हुतं. आता आशीर्वाद द्या आन ते श्वासाचं दावा."

नाना पायांवरच्या पाकिटाकडं बघत राहिले. मग त्यांनी चुलीशी चहा करत बसलेल्या लंकाबाईंकडं बघितलं. शब्द दिलेला होता. आणि समोर मेहुणा वाकलेला होता, लंकाबाईंचा एकुलता एक भाऊ. आयुष्यात पहिल्यांदा, ओरडायचं असूनही नानांना बायकोच्या परवानगीची वाट बघावी लागत होती.

लंकाबाई चहा ढवळत होत्या. त्यांनी दोनदा ढवळला, तिसऱ्यांदा ढवळला. मग पळी ठेवून त्या उठल्या, नानांच्या पायांवरचं पाकीट उचललं आणि भावाच्या सदऱ्याच्या खिशात कोंबलं.

"ठेव ते. तुजे दाजी गोळी घेत्यात."

"आक्का, काय बोलती?"

"घेत्यात. गोठ्यात लपून घेत हुते. मला म्हाईत नव्हतं, मी तुमा समद्यांना खोटं सांगितलं. माजीबी सुटली हुती, मरता मरता वाचले. आता दोगंबी घेतो." एवढं एका दमात बोलून त्यांनी औषधाचा डबा आणून भावापुढं आदळला. माहेरात मिळवलेलं सगळं त्यांनी त्या एका वाक्यात घालवलं, आणि चेहऱ्यावर तसं काही दिसू दिलं नाही.

वाल्मिक डब्याकडं बघून मग नानांकडं बघायला लागला. त्याला हे पचत नव्हतं.

"दाजी, मंग ते बिनमिठाचं?"

"तेबी खरंच हाय," नाना म्हणाले. "निम्मा दाब त्यानंच उतरला."

"आन चालनं? श्वास?"

"रोज. तंबाखूलाबी शिवत न्हाई."

"एवढं समदं करून वर गोळीबी?"

"वर गोळीबी."

वाल्मिकनं नानांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट न्याहाळलं. घोडेगावच्या बाजारात घेणारे न्याहाळतात तसं.

"दाजी, मंग तुमचं इशेष काय?"

नानांनी खाकरून घसा साफ केला. मरतुकड्या गाईचंसुद्धा काहीतरी चांगलं सांगायला त्यांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता. आज स्वतःचं सांगायची वेळ आली आणि काहीच सुचेना.

"कायबी न्हाई," लंकाबाई म्हणाल्या, आणि वाल्मिकपुढं चहाचा कप ठेवला.